टिपकागद आणि न हलणारं पान

ऑफिसात त्याला सगळे टिपकागद म्हणत, आणि त्याला त्याची लाज नव्हती, कारण ते नाव त्याने स्वतःच पसरवलं होतं. ज्यांनी शाईच्या पेनाने लिहिलंय त्यांना टिपकागद माहीत असेल. दुसऱ्याचं लिहिलेलं ओलं असतानाच तो वर दाबायचा. तो शाई पिऊन घेतो, आणि त्याच्या अंगावर तीच अक्षरं उमटतात, फक्त उलटी, फिकट आणि अर्धवट. हा गृहस्थ वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी रोज सकाळी 'आजची टीप' लिहायचा आणि त्याची लिहिण्याची पद्धत हुबेहूब हीच होती. उठायचं, जगभरातल्या हुशार मंडळींनी काल काय लिहिलं ते वाचायचं, ब्राउझरच्या नव्या आवृत्तीत काय आलं नि काय गेलं ते बघायचं, आणि चहा संपेपर्यंत त्यातलं जे काही डोक्यात शिरलं असेल ते आपल्या साइटवर उतरवायचं. शिरलेलं थोडं असायचं. आत्मविश्वास मात्र भरपूर असायचा.

टिपा तशा वाईट नव्हत्या. "बटणावर नुसतं 'ओके' लिहू नका, दाबल्यावर काय होणार ते लिहा." "काही बिघडलं तर माणसाला माणसाच्या भाषेत सांगा." "पान तयार झालं की आधी स्वतःच्या आईला वापरायला द्या, मग जगाला." ही शेवटची त्याची फार लाडकी होती. एकदा एका सभेत ती त्याने छातीवर हात ठेवून सांगितली होती आणि टाळ्याही घेतल्या होत्या. आता त्याने स्वतःचं कुठलं पान कधी आईला वापरायला दिलं होतं, हे त्या सभेत कुणी विचारलं नाही. टाळ्या वाजवणारे लोक असलं काही विचारत नाहीत, म्हणून तर ते आवडतात.

आई त्याच घरात, पलीकडच्या खोलीत राहायची. तिने उभा जन्म शिवणकामात घालवला होता. अख्ख्या गल्लीचे कपडे तिच्या मशीनखालून गेले होते, आणि तिच्या शब्दकोशात टीप म्हणजे एकच: मशीनने कापडावर घातलेली शिलाईची ओळ. त्याने पहिल्यांदा कौतुकाने सांगितलं, "आई, मी रोज एक टीप लिहितो," तेव्हा ती म्हणाली, "टीप घालतात रे, लिहीत नाहीत." त्याने समजावून पाहिलं. मग नाद सोडला. शेजारणींना ती सांगायची की मुलगा कॉम्प्युटरवर टीप घालतो, आणि शेजारणींना ते एकदम पटायचं, कारण हल्ली कॉम्प्युटरवर काय होत नाही.

तर रोज सकाळी टीप लिहून झाली की हा पठ्ठ्या तिची लिंक पलीकडच्या खोलीत आईच्या फोनवर पाठवायचा. मध्ये एक भिंत आणि एक पडदा. उठून जाऊन सांगणं त्याला सुचायचं नाही, त्याचा धंदाच तसा. थोड्या वेळाने आईकडून अंगठा यायचा, तो पिवळा, वर केलेला. तो अंगठा बघून त्याचा दिवस चांगला जायचा. मित्रांना म्हणायचा, "माझी आईसुद्धा रोज वाचते. इतकं सोपं लिहितो मी." असं म्हणताना तो किती फुगायचा हे त्याच्या बायकोला विचारावं. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे एक पाय कायम ब्रेकवर ठेवून ऐकायची तिला सवय आहे.

त्याच आईला डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजव्या डोळ्याची नजर बरीचशी गेली होती. डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही. डाव्या डोळ्यातली आहे ती वाचवायची, म्हणून ऑपरेशन लांबवू नका." तारीख दवाखान्याच्या साइटवरून घ्यायची आणि जवळ आली की फोनवर येणारी लिंक उघडून निश्चित करायची. टिपकागद म्हणाला, मी करतो. आई म्हणाली, "तू तुझी टीप घाल. माझं मी करते." तिने तारीख घेतलीही, दवाखान्यातल्या नर्सकडून. आणि याने काय करावं? त्यावर एक टीप लिहिली. 'आपली पानं इतकी सोपी हवीत की ज्येष्ठांनी मुलांची वाट बघू नये. माझ्याच घरातलं उदाहरण देतो.' सकाळी अंगठा आला.

ऑपरेशनच्या दिवशी बायकोने सुटी काढली होती, यानेही काढली होती. आई स्वच्छ साडी नेसून, उपाशीपोटी, पिशवीत टॉवेल घेऊन बसली होती. दवाखान्याच्या खिडकीवरच्या माणसाने स्क्रीनकडे बघत सांगितलं, "यांची तारीख नाहीये आज. तुम्ही स्वतःच रद्द केलीय."

"मी निश्चित केली होती," आई म्हणाली.

"आमच्याकडे रद्द दिसतंय, आजी. पुढची मोकळी तारीख बरीच लांब आहे. मध्ये कुणाची रद्द झाली तर वाट बघणाऱ्या सगळ्या पेशंटांच्या फोनवर मेसेज जातो. उघडून जो सगळ्यांत आधी 'निश्चित' दाबेल, त्याला ती तारीख. इथून मला काही करता येत नाही."

टिपकागदाने आईला बाजूला घेतलं. आवाज खाली ठेवायचा त्याचा विचार होता, पण विचार आणि आवाज यांचं त्याच्याकडे फारसं पटत नाही. "आई, दोन बटणं असतात. वाचायचं आणि दाबायचं. यात अवघड काय आहे?"

आई पिशवीतला टॉवेल नीट करत राहिली. "वाचलं रे," ती म्हणाली. "बोटंच हल्ली ऐकत नाहीत माझी."

"मग मला सांगायचं."

"किती वेळा सांगायचं? तुला काम असतं."

त्याने हात पुढे केला. "फोन माझ्याकडे दे. मेसेज आला की मी दाबतो. तुझ्या हातून पुन्हा काही व्हायला नको."

तिने फोन लगेच दिला. उलट काही बोलली असती तर बरं झालं असतं. "घे," म्हणाली, "मला आता त्यातलं काय कळतंय." बायकोने दोघांकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली शोधायच्या निमित्ताने पुढे निघून गेली. घरी परतल्यावर आईने मशीनवरची चादर उगाच काढली, पुन्हा घातली आणि पडून राहिली. त्या मशीनवर बऱ्याच दिवसांत काही शिवलं गेलं नव्हतं. "कंटाळा आलाय शिवणाचा," असं ती सांगायची, आणि ज्याला बटण दीड केसाने सरकलेलं दिसतं त्या तिच्या लेकाने ते खरं मानलं होतं.

आता ऐका पुढची गंमत. टिपकागद आईचा फोन खिशात घालून ऑफिसला जाऊ लागला. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मीटिंग चालू होती. विषय होता बटणांचा रंग. टिपकागद उभा राहून सांगत होता की भडक रंग गावंढळ दिसतो, फिकट राखाडी कसा सभ्य, कसा शांत, डोळ्यांना त्रास म्हणून नाही. हे वाक्य अर्धं तोंडात असताना खिशातला फोन थरथरला. दवाखान्याचा मेसेज. एक तारीख मोकळी झाली होती, याच आठवड्यातली.

त्याने लिंक उघडली. पान उघडलं. आणि त्याला काही दिसेना.

इथे एक घरगुती गोष्ट सांगायला हवी. गृहस्थाला चाळिशी लागली होती. डॉक्टरांनी चष्मा दिला होता, तो घरी खणात होता, कारण तो लावला की आपण चाळिशीतले दिसतो असं त्याचं म्हणणं. न लावता तो तिशीतला दिसत होता असं काही नाही, पण ते जाऊ द्या. त्याने फोन हात लांब करून धरला. मग नाकाशी आणला. मग, कुणीही करेल तेच केलं, दोन बोटं पानावर ठेवून फाकवली. पान हललं नाही. पुन्हा फाकवली. पान ढिम्म. पांढऱ्यावर दोन फिकट राखाडी चौकोन शेजारी शेजारी, आत राखाडीहून जरा गडद राखाडी अक्षरं, मुंगीएवढी. एक 'निश्चित' असणार आणि एक 'रद्द' असणार. कुठलं कुठलं?

आईचा डोळा त्या दोन चौकोनांपैकी एकात होता, आणि चुकीचं दाबलं तर तिचं नाव वाट बघणाऱ्यांतूनही जाणार होतं. शेवटी त्याने फोन शेजारी बसलेल्या सहकारिणीपुढे धरला. "जरा वाच ना, यातलं निश्चित कुठलं?"

तिने वाचलं. "कुठलंच नाही. 'ही तारीख भरली आहे' असं आलंय."

मीटिंग पुढे चालू राहिली. फिकट राखाडीच ठरला, कारण ज्याने आता हरकत घ्यायला हवी होती, त्यानेच मान खाली घातली होती. तो जागेवर येऊन बसला तेव्हा त्याला भयंकर राग आला होता. स्वतःवर नाही, एवढा समजूतदार तो नव्हता. ज्या कुणी ते पान बनवलं होतं त्याच्यावर. डोळ्यांचा दवाखाना. तिथे येणाऱ्या प्रत्येक माणसाला कमी दिसतं, म्हणून तर तो येतो. आणि त्याच दवाखान्याचं पान मोठं करता येत नाही? "कोण गाढव आहे हा," तो मोठ्यांदा म्हणाला, आणि त्या गाढवाला पकडायला त्याने पानाचा कोड उघडला. कुठल्याही पानामागचा कोड बघता येतो. त्याच्या धंद्यातली माणसं राग आला की हेच करतात, दुसरे लोक बाहेर फिरून येतात.

ओळ शोधायला वेळ लागला नाही. अगदी वर होती. पान बोटांनी मोठं-लहान होऊ देऊ नको, असं फोनला बजावणारी एकच ओळ. आणि तिच्या डोक्यावर, कॉम्प्युटर जे वाचत नाही आणि फक्त माणसांसाठी लिहिलेलं असतं, अशा टिपणात:

'टिपकागदाची टीप. पान खिळवून ठेवा. ही ओळ कधीही काढु नका.'

'काढु'. उकार ऱ्हस्व. हा शब्द असा लिहिणारा जगात एकच माणूस होता, आणि आयुष्यभर त्याला तो नीट लिहायला जमला नव्हता. गाढव सापडलं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट होती. तेव्हा फोनवर पानं हात लागताच इकडेतिकडे वाकडी व्हायची आणि ग्राहक तक्रार करायचे. कुठूनसा त्याला या ओळीचा शोध लागला. लावली की पान जागच्या जागी खिळलं. त्याने त्याची टीप लिहिली, वर ठसक्यात ते टिपण चढवलं, आणि ती टीप हातोहात पसरली. ज्याने त्याने उचलली, टिपणासकट चिकटवली. त्याच्या सगळ्या टिपांमध्ये ही एकच खरी गाजलेली. टिपकागद हे नाव लोकांपर्यंत गेलं तेही तिच्याबरोबरच. पुढे बातमी आली की ही ओळ घातक आहे, कमी दिसणाऱ्यांना पान वाचता येत नाही. ती बातमी त्याने वाचली होती. त्यावर लिहायचं ठरवलंही होतं. पण ज्या टिपेवर आपलं नाव उभं आहे तिच्याखालची खुर्ची आपणच का ओढावी, म्हणून आज नको उद्या करत ती मागे पडली. चांगल्या टिपा लिहून त्याचे हात दुखले, त्या कुणी उचलल्या नाहीत. उचलली ती नेमकी ही.

पानाच्या तळाशी साइट बनवणाऱ्या बाईंचा नंबर होता. त्याने फोन केला, ओळ काढा म्हणाला, कारण सांगितलं.

"ती ओळ मी काढू शकत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "ती टिपकागद सरांची आहे. मी त्यांना रोज वाचते."

इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच एक खरी वाचक भेटली होती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तो हरखून गेला असता. "मीच टिपकागद," तो म्हणाला.

"सर असे बोलत नाहीत."

"कसे?"

"असे घाबरत घाबरत. सरांचं लिहिणं एकदम ठाम असतं. 'कधीही काढू नका' म्हणजे कधीही काढू नका."

"लिहिताना असतो हो मी ठाम. तेव्हा समोर कुणी नसतं."

"मागे असंच एकाने फोन केला, मी ऐकलं, आणि दवाखान्याचं अर्धं पान गायब झालं. मला बोलणी बसली. तुम्ही राग मानू नका. सरांनी स्वतःच्या साइटवर लिहिलं तर मी लगेच काढते. तोंडी नको."

बाईंचं चुकत काहीच नव्हतं. स्वतःच्या तोंडापेक्षा स्वतःच्या हाताची पत जास्त आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि त्यात अभिमान वाटावा असं फार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टीप लिहिली. 'पान खिळवून ठेवण्याच्या जुन्या पद्धतीचा काही विशिष्ट परिस्थितींत पुनर्विचार करणं हितावह ठरू शकतं.' लिहून झाल्यावर त्याला बरं वाटलं. नाकही शाबूत, कर्तव्यही झालं. बाईंचा निरोप आला: 'सर, टीप वाचली. आमची परिस्थिती विशिष्ट नाही, त्यामुळे ओळ ठेवते आहे.'

संध्याकाळी त्याने ते बायकोला वाचून दाखवलं, बाई कशा हटवादी आहेत हे पटवायला. ती कांदा चिरत होती. "पुन्हा वाच," म्हणाली. त्याने पुन्हा वाचलं.

"यात 'मी चुकलो' कुठे आहे?"

"ते ध्वनित होतंय."

"आईंना लिहिलेलं दिसत नाही, आणि तू ध्वनित करतोयस." तिने सुरी खाली ठेवली. "फोन काढून घेतलास त्यांचा. त्यांना वाटतंय आता आपल्याला काहीच जमत नाही. तेव्हापासून कुणाशी धड बोलल्या नाहीत. त्यांचा डोळा जायची वेळ आलीय आणि तू तुझं नाक सांभाळतोयस?"

तो टेबलाशी बसला आणि चहाबिहा न घेता, कुणाचं काही न वाचता लिहू लागला. कुणाची ओली शाई नव्हती, सगळं स्वतःचंच होतं. त्याला लिहायला त्रास झाला.

'आजची टीप. पान खिळवून ठेवा, असं मी सांगितलं होतं. ते चुकीचं होतं. चुकीचं आहे हे मला पुढे कळलंही होतं आणि मी गप्प बसलो, कारण ती माझी सगळ्यांत गाजलेली टीप होती. माझ्या आईला डोळ्यांच्या दवाखान्याचं पान मोठं करून वाचता आलं नाही. तिने चुकीचं बटण दाबलं आणि तिचं ऑपरेशन हुकलं. त्या पानावर ती ओळ माझ्या नावासकट होती. ती ओळ काढून टाका. जिथे जिथे असेल तिथून, आजच. बटणं फिकट राखाडी असतील तर तीही बदला, ती खोडही माझीच आहे.'

प्रसिद्ध करायच्या आधी त्याला आठवलं म्हणून त्याने स्वतःच्या साइटचा कोड उघडला. अगदी वर, आपल्या जागी, ऐटीत ती ओळ बसली होती. म्हणजे गेली इतकी वर्षं 'आजची टीप' हे पानसुद्धा मोठं होत नव्हतं. आणि आईकडून रोज अंगठा येत होता. त्याने ती ओळ काढली आणि मग टीप प्रसिद्ध केली.

लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. एकाने लिहिलं, टिपकागदच गळका निघाला. तो हसला, कारण विनोद बरा होता. पण बाईंचा निरोप आला त्याने त्याला खरं हायसं वाटलं: 'सर, खरंच तुम्हीच होता? माफ करा. ओळ काढली. बटणंही बदलली, एक हिरवं, एक लाल, अक्षरं ठळक. आता दोन्हींमध्ये बोटभर अंतर आहे.'

मग तो आईचा फोन घेऊन तिच्या खोलीत गेला. ती खिडकीशी बसून एका जुन्या पडद्याची दुमड बोटांनी चाचपत होती. मशीन चादरीखालीच होतं.

"आई, तुझी बोटं ठीक आहेत," तो म्हणाला. "ते पान मोठंच होत नव्हतं. कुणीही फाकवली असती बोटं तरी झालं नसतं. ते मी खिळवून ठेवलं होतं."

"तू? तुझा त्या दवाखान्याशी काय संबंध?"

त्याने सांगितलं. जमेल तसं, टिपांमध्ये असतो तो ठामपणा कुठेही न आणता. आई ऐकत होती. मग तिने पडदा बाजूला ठेवला.

"म्हणजे मी एवढे दिवस बोटं चोळत बसले ती उगाच," ती म्हणाली. "रात्रंदिवस तेल लावत होते. मला वाटलं, आता हे हातपण गेले माझे. डोळे जाणार हे ठाऊक होतं, पण हात?" तिचा आवाज चढला. "आणि तू मला दवाखान्यात चार माणसांत विचारलंस, यात अवघड काय आहे म्हणून."

"चुकलं माझं."

"चुकलंच."

तिने हात पुढे केला, फोन मागायला. त्याने दिला. तिने बोलणं संपवलं होतं, म्हणून तो उठून गेला. माफ केलं का नाही हे तिने सांगितलं नाही आणि विचारायची त्याची छाती झाली नाही.

पुढचे काही दिवस घरात कुठेही फोन वाजला की तिघांच्याही माना वळायच्या. मेसेज आला नाही. आईचा डावा डोळा दुखायला लागला, आणि ती ते सांगत नव्हती, पण टिपकागदाला आता दिसू लागलं होतं, कारण त्याने खणातला चष्मा काढून लावला होता. चाळिशीत तो चांगला पन्नाशीतला दिसत होता.

मग एका दुपारी तो ऑफिसात असताना आईचा फोन आला. ती घरात एकटी होती.

"दाबलं," ती म्हणाली.

तो ओरडलाच. "काय दाबलंस? आई, कुठलं दाबलंस?"

"ओरडू नकोस. मेसेज आला. उघडला. दोन बोटांनी मोठं केलं, भिंतीएवढं. 'निश्चित' असं हिरव्यात लिहिलेलं. वाचलं, पुन्हा वाचलं, मग दाबलं. परवा सकाळची तारीख मिळाली. उपाशी यायला सांगितलंय." जरा थांबून तिने विचारलं, "त्या बाईंनी हिरवं केलं का रे ते? बरं केलं."

तो जिन्यात जाऊन उभा राहिला. डोळा वाचणार होता. ते तिने स्वतः, स्वतःच्या बोटांनी केलं होतं, आणि त्याचं यातलं योगदान म्हणाल तर एवढंच की तो वाटेतून बाजूला झाला होता. त्याला इतकं बरं फार दिवसांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आला तेव्हा आई खिडकीशी फोन घेऊन बसली होती. फोनवर अक्षरं एवढाली मोठी होती की त्याला दारातून दिसली, चष्मा नसता तरी दिसली असती. त्याचीच टीप होती, माघार घेणारी.

"वाचतेयस?"

"हो. आज पहिल्यांदाच."

"पहिल्यांदाच?" त्याला उत्तर माहीत होतं, तरी त्याने विचारलं. "मग ते रोजचे अंगठे?"

"मुलगा रोज काहीतरी पाठवतो, तर काय करू? दिसायचं काहीच नाही. आपली रोज अंगठा उठवत होते." ती पानावरून बोट सरकवत शेवटच्या ओळीपर्यंत गेली. "यात ओळ काय, पान खिळवणं काय, असलं काय काय लिहिलंयस. मला कळलं थोडंच. दिसलं मात्र सगळं."

टिपकागद तिच्या शेजारी बसला. त्याने चष्मा काढला, आणि तिच्या मांडीवर होता त्या जुन्या खिडकीच्या पडद्याच्या कोपऱ्याने डोळे टिपले. आईला ते दिसलं. "तो धुवायचा आहे अजून," ती म्हणाली, आणि पडदा काही ओढून घेतला नाही.